पांघरूण राहत नाही

वायकाका, रविवार, २४ मे १९६४

एफी,

अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकू नकोस. कुणी मेलेलं नाही, छप्परही जागेवर आहे. सहा वर्षांत मी तुला दोनच पत्रं लिहिली, एक आई गेली तेव्हा आणि एक वादळात छप्पर उडालं तेव्हा, म्हणून आधीच सांगून टाकतो.

एकच विचारायचं आहे. कीथ लहान असताना तू त्याचं पांघरूण जागेवर कसं ठेवायचीस?

आता नीट सांगतो. कीथचा मुलगा माझ्याकडे आहे. लॉकी, चौदा महिन्यांचा. मेविसच्या छातीत क्षयाचा डाग निघाला, ती डनीडनच्या इस्पितळात आहे आणि हिवाळा संपेपर्यंत तिला सोडणार नाहीत. कीथ मानापौरीला बोगद्याच्या कामावर, तीन आठवड्यांनी एकदा येतो आणि आल्याआल्या झोपतो. मेविसच्या माहेरी कुणी नाही. म्हणून त्याने मला विचारलं. तुला का नाही विचारलं ते ठाऊक नाही. कदाचित विचारलंही असेल. तुम्हा मायलेकांत काय बोलणं होतं ते मला कुणी सांगत नाही.

मी हो म्हणालो. मेंढ्यांच्या कातरणीची शेडं आता ऑगस्टपर्यंत बंद, मला घरी काम काय आहे? लापशी करता येते, लंगोट बदलता येतात, तोंडात घास घालता येतो. शेजारच्या टेटबाई दिवसा येऊन बघून जातात. पोरगा गोड आहे. माझ्या मिशा ओढतो. दिवसाचं सगळं जमतं, रात्रीचं जमत नाही.

झोपेत हा पोरगा पाय झाडतो. कीथचीच जुनी कठड्याची खाट माळ्यावरून काढली आहे, गादी नवी आणली आहे, दोन दोन लोकरी अंगरखे घालतो, वर ब्लँकेट घालतो. सकाळी पाहावं तर ब्लँकेट पायथ्याशी आणि हा उघडा, गुडघे पोटाशी घेऊन. हात लावला तर गार. आपली मागची खोली तुला माहीतच आहे, जूनच्या ऐन हिवाळ्यात पेल्यातल्या पाण्यावर बर्फाची साय धरते.

दर गुरुवारी नर्स ड्रमंड येते. कीथहून लहान आहे, पण बोलते माझ्या आजीसारखी. ती म्हणाली, याच्या आईची छाती तशी, त्यामुळे याची सर्दी खाली उतरता कामा नये. उतरली तर जुलैच्या पहिल्या गुरुवारी ती लिहून देणार, की मुलाला इन्व्हरकार्गिलच्या बालगृहात हलवा. तिथे चाळीस मुलं आहेत. मेविसला हे कळलं तर ती इस्पितळातून चालत येईल. कीथने मला एवढंच सांगितलं, "बाबा, तेवढं होऊ देऊ नका." त्याने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

म्हणून विचारतो. मी पहाटे साडेचारला शेडवर निघायचो तेव्हा दार ढकलून कीथला बघायचो. रोज. पांघरूण कायम हनुवटीपर्यंत, एक सुरकुती नाही. तुझी काहीतरी युक्ती होती. ती लिहून कळव, बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

डंकन


वायकाका, बुधवार, ३ जून

एफी,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला तुमच्या नेपियरहून टपाल वेळेवर येतंय. असो.

तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो नाही, बरेच उद्योग केले. आधी ब्लँकेट गादीखाली हातभर दुमडून घातलं. लॉकीने ते दोन्ही पायांनी उपसून काढलं. एवढ्याशा अंगात इतका जोर कुठून येतो? मग टेटबाई म्हणाल्या, चारी कोपऱ्यांना नाड्या शिवा आणि कठड्याच्या दांड्यांना बांधा, त्यांच्या पाचही मुलांना त्यांनी तसंच झोपवलं. त्यांनीच शिवून दिल्या. पहिल्या रात्री छान. दुसऱ्या रात्री त्याने एक नाडी चघळून सोडवली आणि ब्लँकेटचा पीळ करून त्याच्यावर पोट टाकून झोपला. गुरुवारी नर्सने नाड्या पाहिल्या आणि तिथल्या तिथे कात्रीने कापून खिशात घातल्या. "गळ्याशी दोरी नको, आजोबा." मी म्हणालो गळ्याशी कुठे आहे, कोपऱ्याला आहे. ती म्हणाली मूल कोपऱ्यात झोपत नाही का?

मग एकावर एक तीन ब्लँकेटं घातली, जडपणाने राहतील म्हणून. तो घामाने भिजला आणि मग भिजलेल्या अंगाने उघडा पडला, हे आणखी वाईट. माझ्या अंथरुणात घ्यावं तर नर्स नको म्हणते, माझ्यासारखा गाढ झोपणारा माणूस मुलावर पडला तर उठायचा नाही. ते मात्र खरं आहे.

हॉटेलात अर्धा तास बसलो होतो, अर्धाच तास, लॉकी टेटबाईंकडे होता. तिथे विषय काढला. सगळ्यांना पोरं आहेत आणि सगळ्यांचं मत आहे. एक म्हणाला पाय बांध. एक म्हणाला पांघरूण घालूच नको, थंडी सोसायची सवय होते. तिसरा म्हणाला लोकरीच्या मोज्यात पोराला काखेपर्यंत घाल. मी प्रत्येकाला विचारलं, तुझ्या घरी कसं राहायचं? तर प्रत्येक जण म्हणाला, आमच्या घरी कधी प्रश्नच आला नाही. आता बोल! अख्ख्या तालुक्यात पांघरूण फक्त माझ्याच घरी पडतं.

माझं डोकं चालेनासं झालंय. नर्स म्हणते हलकं आणि घट्ट. टेटबाई म्हणतात जाड आणि सैल. आणि तू काहीच म्हणत नाहीस.

खोकतो थोडा. दिवसा. रात्री खोकत नाही, म्हणजे मला ऐकू आलेला नाही.

डंकन


वायकाका, शुक्रवार, १२ जून

एफी,

तुझं पत्र मिळालं. एक पान. दूध कोमट देतोस की गार, शी कशी होते, खोकला कोरडा की ओला, लापशीत मीठ घालू नकोस. कोमट. बरी. कोरडा. मीठ घालत होतो, आता नाही घालत.

आणि शेवटी एक ओळ. "पांघरुणाचं म्हणशील तर युक्ती काही नव्हती."

ही ओळ मी दहादा वाचली. एफी, मी अडाणी असेन पण आंधळा नाही. साडेचारला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचो. पाच वर्षं रोज बघितलं. तुला सांगायचं नसेल तर सांगू नकोस, पण नव्हती म्हणू नकोस. तू माझ्यावर रागावलेली आहेस हे मला कळतं. कशावर, ते मला सहा वर्षं झाली तरी कळलेलं नाही. गोरच्या स्टेशनवर तू म्हणालीस, "मी थकले, डंकन." मी म्हणालो, कशाने? शेडचा स्वयंपाक सोडून तुला वर्ष झालं होतं, मुलगा हाताशी आला होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि गाडीत चढलीस. मी बाकड्यावर बसून राहिलो. कशाने थकली हे मला कुणी सांगेल का? मी दारू पिऊन मारझोड केली नाही, बाहेर बाई ठेवली नाही. टेटबाई म्हणतात नवऱ्याने विचारायचं असतं. अहो, विचारलं की! स्टेशनवर विचारलंच की.

पण राग त्या पोरावर का काढतेस? त्याने तुझं काय केलंय?

ठेव तुझी युक्ती तुझ्याजवळ. माझी मी शोधली. एकतीस वर्षं मी लोकरीच्या गाठी दाबल्या, दाभणाने शिवल्या, जहाजावर चढवायला दिल्या. माझी एक गाठ कधी फुटल्याची तक्रार आली नाही, लंडनपर्यंत विचार. लोकरसुद्धा अशीच वळवळते, दाबलेली असली तरी वर येऊ बघते. तिला गोणपाटात कसं ठेवायचं हे मला नाही तर कुणाला कळणार? तेव्हा काल दुपारी दाभण आणि सुतळी काढली. ब्लँकेट गादीलाच शिवलं. पायथा आणि दोन्ही बाजू, गाठीसारखंच, दोन दोन बोटांवर एक टाका, वरचं तोंड उघडं. गळ्याशी काही नाही, नाडी नाही, दोरी नाही. नर्सने बघावं आता. संध्याकाळी लॉकीला वरून आत सरकवला. पाय झाड म्हटलं किती झाडायचे ते. झाडले, दमला, झोपला. काल रात्री पहिल्यांदा पांघरूण जागेवर राहिलं. मीच सकाळी पाहिलं. अगदी कीथचं राहायचं तसं.

म्हणजे झालं की नाही?

डंकन


वायकाका, रविवार, १४ जून

एफी,

मागच्या पत्रातलं शिवण्याचं विसर. सुतळी कापली.

लॉकी बरा आहे. दूध प्यायला. का ते विचारू नकोस.

डंकन


वायकाका, मंगळवार, २३ जून

एफी,

तुझी तार मिळाली. "टाके उसव. लगेच." पोस्टातला पोरगा ती घेऊन सायकलवरून आला, त्याला वाटलं कुणाचं ऑपरेशन झालंय. तोवर टाके उसवून चार दिवस झाले होते, तरी तार वाचली आणि आत जाऊन लॉकीला एकदा बघून आलो.

तारेमागून तुझं पत्रही आलं. त्याच्याकडे नंतर येतो. आधी जे लिहिलं नाही ते लिहितो, कारण हे कुणाला तरी सांगितलं पाहिजे आणि टेटबाईंना सांगता येत नाही.

तेराच्या सकाळी मी खोलीत गेलो तर ब्लँकेट जागेवर होतं. एक सुरकुती नाही. आणि वरच्या तोंडाशी लॉकीचं डोकं नव्हतं. खाटेत मूल दिसेना. मला आधी वाटलं टेटबाईंनी नेला. खरंच तसं वाटलं एफी, मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आलो. परत आलो तेव्हा पायथ्याशी फुगवटा दिसला. तो झोपेत खाली सरकत गेला होता आणि खाली सगळीकडे माझे टाके. दोन दोन बोटांवर. बाहेर यायला वाटच नव्हती. मी दाभण शोधायला लागलो, दाभणाने काय होणार आहे, मग भिंतीवरची मेंढ्यांची कातर घेतली आणि कडेने कापत गेलो. माझाच टाका मला तुटेना. आतून वाफ आली. चेहरा लाल, केस चिकटलेले, डोळे मिटलेले. मी त्याला उलटा करून पाठ चोळली, नुकत्या जन्मलेल्या कोकराची चोळतात तशी. तो रडला नाही. मग रडला. किती वेळाने ते मला सांगता येणार नाही. मी मनात मोजायला लागलो होतो आणि पाचाच्या पुढे मला आकडा आठवेना.

तो दिवसभर खेळला. काही झालेलं नाही त्याला. मी मात्र त्या दिवशी तुला दोन ओळी लिहिल्या आणि पाकीट बंद केलं. आता तू मला हवं ते म्हण.

आणि हे तुझं पत्र. ते माझ्यासमोर आहे. माझं लिहून होईना म्हणून तुझंच उतरवतो:

"युक्ती नव्हती म्हणजे नव्हती, डंकन. पांघरूण कधीच राहिलं नाही. मी उठायचे. बाराला एकदा, दोनला एकदा, आणि चारला, कारण चारला तुझ्या वीस माणसांच्या न्याहारीसाठी चूल पेटवायची असायची. कधी मध्येच आणखी एकदा. तू दार ढकलून बघायचास ते मला माहीत आहे. तू बघायचास ते मी नुकतंच घातलेलं असायचं."

मी हे वाचून बाहेर गेलो, लाकडं फोडली, परत येऊन पुन्हा वाचलं. माझा गोंधळ उडाला आहे. मला वाईट वाटतंय की राग येतोय हेच कळत नाही. राग आला तर कुणाचा? तू मला एकदा हलवून उठवलं का नाहीस? उठवलं असतंस तर मी... हे लिहिलं आणि थांबलो. मी उठलो नसतो. म्हणालो असतो मला साडेचारला जायचंय. म्हणालोही असेन. मला आठवत नाही, तुला आठवत असेल.

मला वेगळंच आठवतंय. तू चर्चमध्ये डुलक्या काढायचीस. जेवताना हातात काटा धरून झोपायचीस. आणि मी शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणायचो, आमची एफी म्हणजे उभ्याने झोपणारी मेंढी, कातरून सोडली तरी हिला कळायचं नाही. सगळे हसायचे. तूही हसायचीस. तू त्यांच्या ताटात मटणाचे चॉप वाढत असायचीस. ते बोललो त्याबद्दल मला लाज वाटते. कीथला पाच वर्षांचा होईपर्यंत दर हिवाळ्यात छातीचं व्हायचं, हे मला नर्सने विचारलं तेव्हा सांगता आलं नाही. मी म्हणालो, मुलगा धट्टाकट्टा होता.

तर स्टेशनवर तू म्हणालीस ते हे होतं का? की आणखीही काही आहे? असेल तर तेही लिही. एकदमच सगळं कळू दे.

पोराचा खोकला आता ओला झाला आहे. गुरुवारी नर्स नळी लावून बराच वेळ ऐकत होती. जुलैच्या पहिल्या गुरुवारी नक्की काय ते सांगते म्हणाली.

मी आता उठतो. म्हणजे उठायला बघतो. गजराचं घड्याळ पत्र्याच्या घमेल्यात ठेवतो. पहिल्या रात्री मी घमेलं लाथेने उडवलं आणि झोपलो. दुसऱ्या रात्री लॉकी जागा झाला आणि मी नाही. आता घमेलं माझ्या हातापासून लांब, दारापाशी ठेवतो आणि खुर्चीतच झोपतो, मग मान दुखून जाग येते. त्याला पांघरतो. तो दहा मिनिटांत काढतो. पुन्हा पांघरतो. काल टेटबाईंकडे जेवताना माझं डोकं सूपमध्ये गेलं. टेटबाई म्हणाल्या, "म्हातारपण, डंकन, दुसरं काय!" आणि त्यांचा नवरा खो खो हसला. मी तोंड पुसलं.

डंकन


वायकाका, गुरुवार, २ जुलै

एफी,

नर्स येऊन गेली. लगेच लिहायला बसलो आहे, लॉकी दुपारचा झोपला आहे तेवढ्यात.

आधी चांगलं सांगतो. छाती मोकळी झाली आहे. तिने मागून ऐकलं, पुढून ऐकलं, त्याला रडवून ऐकलं. गेल्या आठवड्यातला कफ सुटला. मी एवढा खूश झालो की तिला चहा विचारायचं विसरलो आणि चीज रोल भाजायला घेतले, तेही करपवले.

मग ती खाटेपाशी गेली. आज पहिल्यांदाच तिने गादी उचलून बघितली, ओल आहे का म्हणून. तिने कडेवरून बोट फिरवलं. सगळीकडे भोकं, दोन दोन बोटांवर, आणि एकदोन ठिकाणी सुतळीची तुसं राहून गेलेली. ती नवी गादी आहे एफी. मनात आलं, उंदीर म्हणावं. जिभेवर आलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हाताकडे बघितलं. दाभण धरून धरून माझ्या अंगठ्यावर जो घट्टा पडलाय तो काही उंदराने पाडलेला नाही.

मी सगळं सांगितलं. पायथ्याचा फुगवटा, कातर, पाठ चोळली ते. सांगताना मला वाटत होतं, डंकन, गप्प बस, तू पोराला आपल्या हाताने बालगृहात धाडतो आहेस. तरी तोंड चालूच.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. मग म्हणाली, "हे मला लिहावं लागेल."

"लिही."

"आता पांघरूण कसं राहतं?"

"राहत नाही. मी उठतो."

"किती वेळा?"

"चारदा. काल पाचदा."

तिने लिहिलं. बराच वेळ लिहीत होती. मग पेन ठेवलं आणि मला कागद दाखवला. छाती मोकळी, वजन वाढलं, मूल आनंदी. खाली शिवण्याचं. आणि त्याच्याखाली एक रिकामी ओळ, तिथे घरातल्या बाईचं नाव लिहायचं असतं. ती म्हणाली, "शिवण्याचं वाचल्यावर वरचे लोक मूल एकट्या आजोबांकडे ठेवणार नाहीत. मी कितीही सांगितलं तरी नाही. घरात रात्री एखादी बाई असेल तर गोष्ट वेगळी. दोन आठवडे मी हा कागद माझ्याकडे ठेवते. सोळाला येईन तेव्हा या ओळीत नाव लागेल." टेटबाईंना तिथेच हाक मारून विचारलं. त्या म्हणाल्या, दिवसभर सांगाल ते करीन, पण रात्री माझं घर सोडून येणार नाही. त्यांना तरी काय म्हणणार?

दारात जाताना नर्सने विचारलं, "घरात कुणी बाई नव्हती का कधी?" मी म्हणालो होती.

तर अशी गोष्ट आहे. महिन्यापूर्वी कुणी मला हे सांगितलं असतं तर मी धावत जाऊन तुला तार केली असती, ये म्हणून. आता पेन हातात घेऊन बसलोय आणि ये लिहवत नाही. ये म्हणायचं म्हणजे तुला पुन्हा तिथेच आणून उभं करायचं. आणि नको म्हणावं तर पोरगा चाळीस मुलांत जातो, त्याला तिथे रात्री कोण पांघरणार? मी काय करू हे मला खरंच कळत नाही. तुलाच विचारतोय म्हणजे बघ. हे बोलावणं आहे की नाही तेसुद्धा मला सांगता येणार नाही. कीथला यातलं काही कळवलेलं नाही.

फक्त एक लिहून देतो, ते पक्कं आहे. आलीस तर पुढची खोली तुझी. तिथे चूल लागून आहे, ऊब असते. लॉकी आणि खाट मागच्या खोलीत, माझ्याजवळ. कागदावर नाव तुझं लागलं तरी रात्रीचं उठणं माझं. तू रडणं ऐकलंस तरी उठायचं नाही. आणि नाही आलीस तर मी समजेन. समजायला लागलोय थोडं थोडं.

रोल करपले होते तरी नर्सने ते तसेच खाल्ले. बरी मुलगी आहे.

डंकन


स्वयंपाकघराच्या टेबलावर, गुरुवार, १६ जुलै, सकाळ

एफी,

तू झोपली आहेस म्हणून हे लिहून ठेवतो. मी लॉकीला घेऊन कोंबड्यांकडे जातोय, तो किंचाळला तर तुला त्रास नको.

बोट आणि दोन दिवसांची गाडी करून आलीस आणि स्टेशनवर मला काही बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो: बरं झालं आलीस. तू किती दिवसांसाठी आलीस ते मी विचारलेलं नाही. तुझी बॅग दाराशीच आहे, तू उघडली नाहीस, मीही हलवली नाही. तिच्याकडे बघून मला काही अंदाज येत नाही. तुला काय ते सावकाश ठरव.

रात्री तो चारदा उघडा पडला. चारदा पांघरलं. दुसऱ्या वेळी पुढच्या खोलीत पलंग करकरला, तू उठून बसली होतीस. मी दाराशी येऊन म्हणालो, "एफी, झोप. मी उठलोय." मग बऱ्याच वेळाने तुझं घोरणं ऐकलं. तू घोरतेस हे मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात एकदाही ऐकलं नव्हतं. मी तिथेच उभा राहून ऐकत होतो, तेवढ्यात त्याने पुन्हा लाथ मारून काढलं.

नर्स दहाला येते. तिला नाव लिहायचं असेल तर ते मी सांगेन. ती बाईला बघायचं म्हणाली तर मी तिला सांगणार आहे, बाई आहे, झोपली आहे, उठवायची नाही.

लापशी चुलीवर आहे. मीठ घातलेलं नाही.

डंकन